तीन वाजता अडकणारं नख

शिवणघराच्या दारात रोज सकाळी साडेआठला बायकांची रांग लागायची आणि रांगेच्या तोंडाशी थोरली उभी असायची, हातात एक पायमोजा घेऊन. नायलॉनचा, मातकट रंगाचा, कोळ्याच्या जाळ्याइतका पातळ. एकेकीनं त्यात मनगटापर्यंत हात घालायचा, बोटं पसरायची आणि थोरलीनं मोजा सावकाश मागे ओढायचा. सुळकन निघाला तर आत जा, रेशमापाशी बस. कुठं अडला, जरा चर्र झालं, तर बाजूला हो. मग ती बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नख सारखं करायची आणि पुन्हा रांगेच्या शेपटीला येऊन उभी राहायची. तोवर बाकीच्या तिच्याकडे न बघता हसून घ्यायच्या.

हसण्यासारखं तसं काही नव्हतं. शिवणघरात गळ्यात बांधायचे रेशमी रुमाल तयार व्हायचे. कापड असं की श्वास लागला तरी सरकावं. त्याच्या काठावर मशीन चालत नाही. काठ अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोट किंचित ओलं करायचं, काठ आतल्या आत वळत न्यायचा आणि सुईनं एकेक धागा उचलत तो तिथंच बसवायचा. याला सगळ्या गुंडाळी म्हणत. गुंडाळी करताना नखाची कड केसभर जरी फाटलेली असली, तरी ती कापडाचा धागा पकडते, धागा ओढला जातो आणि रुमालाच्या अंगावर एक रेघ उमटते, कपाळावरच्या आठीसारखी. ती इस्त्रीनं जात नाही, पाण्यानं जात नाही. रुमाल संपला.

म्हणून मालकीणबाईंनी सगळ्यांना गल्लीच्या टोकाचं पार्लर लावून दिलं होतं. दर तिसऱ्या सोमवारी मॅनिक्युअर. नखं छोटी आणि गोल, मुळाशी तेल, वर बिनरंगाच्या नेलपॉलिशचे दोन हात. त्या सोमवारी सगळ्यांची बोटं पाण्यातून काढलेल्या गोट्यांसारखी दिसायची. पण सोमवार ते सोमवार एकवीस दिवस असतात, आणि त्या एकवीस दिवसांत बाईला घर असतं, नळ असतो, ओटा असतो, कुलपं आणि झाकणं असतात. ते एकवीस दिवस जिचे तिनं सांभाळायचे.

धाकटी ते डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती. निदान तिला तसं वाटत होतं.

धाकटी म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, घर एक, ओटा एक, दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी. घरात त्या थोरली आणि धाकटी, तशाच शिवणघरातही. धाकटीला इथं आणलं थोरलीनंच. बोट किती ओलं करायचं, सुई किती तिरकी धरायची, श्वास कधी सोडायचा, सगळं तिनंच शिकवलं. आणि मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मालकीणबाईंनी दोघींचे रुमाल उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "धाकटीची गुंडाळी जास्त बारीक आहे." त्या एका वाक्यानं खिडकीतली खुर्ची थोरलीकडून धाकटीकडे गेली. थोरलीला देखरेखीला घेतलं. सगळ्यांना वाटलं, वर चढवली. हातातलं रेशीम काढून तिच्या हातात पायमोजा दिलाय, हे फक्त थोरलीला कळलं, आणि ती तेव्हापासून धाकटीला पाण्यात पाहू लागली.

धाकटीही काही कमी नव्हती. खिडकीत बसल्या दिवशी तिनं थोरलीची उशी खुर्चीवरून उचलून दाराबाहेर ठेवली होती. "तुमची राहिली होती, जाऊबाई," एवढंच म्हणाली. आवाज मधासारखा आणि डोळे कोरडे.

या महिन्यात मात्र धाकटीचे दिवस फिरले. सकाळी तिचा हात मोज्यातून लोण्यातल्या सुरीसारखा निघायचा. थोरली ओठ मुडपून "जा" म्हणायची. आणि दुपारी, तीनच्या सुमारास, कधी साडेतीनला, रेशीम हळूच कुरकुरायचं. बघावं तर रेघ. तीन आठवड्यांत तीन रुमाल. तिसऱ्या रुमालाला मालकीणबाईंनी तिला समोर उभं केलं.

"आणखी एक गेला," त्या म्हणाल्या, "तर खोक्यांकडे जायचं. मला पुन्हा सांगायला लावू नकोस."

खोक्यांकडे म्हणजे मागच्या खोलीत. तिथं पुठ्ठ्याची खोकी घडी घालून उभी करायची, रुमाल भरायचे, चिकटपट्टी लावायची. काम सोपं. पण पुठ्ठा बोटांतला सगळा ओलावा शोषून घेतो, चिकटपट्टी नखाचा पापुद्रा ओढून नेते, आणि महिन्याभरात हात असे होतात की मोज्यात घालायची सोय राहत नाही. आजवर खोक्यांकडे गेलेली एकही बाई रेशमाकडे परत आलेली नव्हती. धाकटीला शिवणघरातलं दुसरं काही नको होतं. तिला ती खुर्ची हवी होती, तो उजेड हवा होता, आणि अंगठ्याखाली वळत जाणारा तो काठ.

मागच्या सोमवारी पार्लरवालीनं तिचा अंगठा उजेडात धरला होता. "पातळ झालीत गं नखं."

"भांड्यांनी," धाकटी लगेच म्हणाली. तिच्या मनात उत्तर आधीच तयार होतं.

त्याच संध्याकाळी तिनं ओट्याशी उभं राहून जाहीर केलं, "आजपासून भांडी मी घासणार नाही."

थोरली कपाटं पुसत होती. तिनं मान वळवली नाही. "बरं. भांडी आपली आपण उड्या मारत नळाखाली जातील."

"गरम पाणी आणि तारेची घासणी. माझ्या नखांचं मातेरं झालंय."

"रबरी हातमोजे आणून ठेवलेत मी. खुंटीवर आहेत. त्यांनाही हात लावायला जड जातं का?"

"त्यात पाणी शिरतं."

"तुझ्या डोक्यात काय शिरलंय ते आधी बघ," थोरली म्हणाली.

"माझी जागा जावी असं तुम्हाला वाटतंय ना? स्पष्ट बोला."

"स्पष्ट बोलायला तू माझी कोण लागतेस," थोरली म्हणाली आणि फडकं पिळून वाळत टाकलं.

थोरलीचा नवरा दारात चहाचा कप धरून उभा होता. "मी घासतो भांडी," तो म्हणाला. "तुम्ही दोघी तेवढ्या वेळात एकमेकींना घासा."

कुणी हसलं नाही. पण भांडी त्या दिवसापासून दोघा भावांकडे गेली. रोज संध्याकाळी ते दोघे ओट्याशी उभे राहायचे, एक घासायचा, एक विसळायचा, आणि एखादी वाटी फुटली की दोघे एकदमच म्हणायचे, "ही आधीच तडकलेली होती." घरात शांतता नांदत होती, म्हणजे बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आणि धाकटीनं हातांचं व्रतच घेतलं. हात धुवावे मऊ साबणानं, पुसावे मऊ फडक्यानं, नखांखाली मऊ ब्रश फिरवावा, तोही उलटा नाही. झाकणं चमच्यानं उघडावी, स्टिकर सुरीनं काढावा, फोनची बटणं बोटाच्या पेरानं दाबावी. झोपण्याआधी मुळांशी तेल चोळावं. आणि महिन्याभरापूर्वी लावून घेतलेली सवय तर होतीच: सकाळी आंघोळ झाली की, हात स्वच्छ असताना, फायलर, म्हणजे नखं घासायची पट्टी, घेऊन दहाही नखांवरून हात फिरवावा, घाईघाईनं, भराभर, कारण साडेआठला मोजा वाट बघत असायचा. एक दिवसही चुकली नाही. आजारी होती तेव्हाही नाही.

तरीही गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, रेशीम कुरकुरलं.

निळा रुमाल होता, फिक्या निळ्या रंगाचा, पहाटेच्या आभाळासारखा. रेघ काठापासून आत तिरकी गेली होती. धाकटीनं ती बघितली आणि सुई खाली ठेवली. शेजारच्या टेबलावर चिमणी बसायची. आवाज बारीक म्हणून चिमणी, आणि जिथं दाणा तिथं हजर म्हणूनही. तिनं मान लांब करून पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणली,

"खिडकीत बसली राणी, राणीचे हात लोणी,
लोण्यात रुतला काटा, काटा लावला कोणी?"

"कोणी?" धाकटीनं विचारलं.

"मला काय माहीत बाई," चिमणी म्हणाली. "मी नुसतं गाते. पण जेवणानंतर सगळ्यांचे रुमाल उलटेपालटे कोण करून बघतं? आणि जी सगळ्यांचे हात बघते, तिचे हात कोण बघतं?"

हे धाकटीच्या मनात आधीपासूनच होतं. चिमणीनं फक्त झाकण उचललं. जेवणाच्या सुट्टीनंतर थोरली रोज टेबलाटेबलावरून फिरायची, गठ्ठ्यातले रुमाल मोजून पुढचे मागे करायची. धाकटीच्या गठ्ठ्यापाशी जरा जास्तच रेंगाळायची. एक नख, जरासं फाटलेलं, मुद्दाम फाटकं ठेवलेलं, आणि एक हलका ओरखडा. कोण बघणार? दोन वर्षांचा राग बोटाच्या टोकावर किती सहज मावतो.

धाकटी उठली. निळा रुमाल दोन्ही तळव्यांवर घेऊन, आजारी पाखरू न्यावं तसा घेऊन, ती मालकीणबाईंच्या टेबलापाशी गेली.

"हा चौथा," ती म्हणाली. "मला खोक्यांकडे पाठवा. पण त्याआधी जाऊबाईंचे हात मोज्यात घाला. इथं सगळ्यांसमोर."

शिवणघरातल्या बावीस सुया एकदम थांबल्या. बावीस सुया थांबल्या की केवढी शांतता होते, हे तिथं बसणाऱ्यांनाच माहीत.

मालकीणबाईंनी चष्मा काढला. थोरलीकडे पाहिलं. थोरली भिंतीशी उभी होती. तिचा चेहरा हलला नाही. ती पुढे आली, मोजा खिशातून काढला आणि मालकीणबाईंच्या हातात दिला. मग बाह्या वर केल्या, उजवा हात आत घातला, बोटं पसरली.

मोजा निघाला. आवाजच नाही. पाण्यावरून सावली सरकावी तसा निघाला. डावा हात. तसाच. सगळ्यांनी पाहिलं, थोरलीची नखं अशी होती, जशी सोमवारच्या संध्याकाळी पार्लरमधून निघताना असतात. कड बंद, मुळं स्वच्छ, दहाही एका मापाची. आणि सोमवार होऊन दहा दिवस झाले होते. दोन वर्षांत या बाईनं रेशमाला कामासाठी बोट लावलं नव्हतं.

"आता तिचा," थोरली म्हणाली.

"माझा सकाळी झालाय," धाकटी म्हणाली.

"आता तिचा," थोरलीनं पुन्हा म्हटलं, मालकीणबाईंकडे बघत.

धाकटीनं हात घातला. मनगट, तळवा, आणि मग अंगठ्यापाशी चर्र. थांबून पुन्हा ओढला, तर अनामिकेपाशी चर्र. मोज्यातून एक धागा पळत वर गेला आणि नायलॉनवर शिडी उमटली. मागून कुणीतरी दबकं हसलं. धाकटीला वाटलं, अंगातलं रक्त सगळं कानांत येऊन बसलंय.

"सकाळी गुळगुळीत होती," ती म्हणाली. "सकाळी तुम्हीच पाहिलीत."

"सकाळी असणारच," थोरली म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. "माझ्या आणि हिच्या खोलीत एक भिंत आहे, मालकीणबाई, पातळ. रोज सकाळी हिचा आंघोळीचा नळ बंद होतो आणि दोन मिनिटांत खर्र-खर्र सुरू होतं. पुढे मागे, पुढे मागे, लाकूड कापावं तसं. भिजलेलं नख मऊ असतं. मऊ नख असं दोन्हीकडून घासलं की तेवढ्यापुरतं गुळगुळीत लागतं. मग ते वाळतं, थर सुटे होतात. कडेवरचं नेलपॉलिशही घासून गेलेलं, धरून ठेवायला काही नाही. तीन वाजेपर्यंत कड उकलते. रोज."

"तुला माहीत होतं," मालकीणबाई म्हणाल्या.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिनं विचारलं का?" थोरली पहिल्यांदाच धाकटीकडे वळली. "दोन वर्षं त्या खुर्चीत बसते. एकदा तरी काही विचारलंस? माझ्यापेक्षा बारीक हात तुझा. बारीक हाताला मी काय शिकवणार?"

धाकटी अजून मोज्यावरच्या शिडीकडे बघत होती. चार रुमाल. महिनाभर भिंतीपलीकडे पडून कुणीतरी आपली चूक ऐकत होतं, रोज, न चुकता, आणि मूग गिळून बसलं होतं. हे आगीत ढकलण्यापेक्षा वेगळं होतं का? होतं. ढकललेलं निदान अंगाला कळतं.

"माझे चार रुमाल गेले," मालकीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या की हळू बोलायच्या, म्हणून त्या हळू बोलल्या की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "एकीनं आपल्या अकलेनं घालवले आणि दुसरीनं आपल्या मौनानं. रोज सकाळी हा हात तूच आत सोडत होतीस."

"सकाळी तो हात चांगला होता. माझं काम सकाळचं."

"आता तुझं काम दिवसभराचं. खिडकीत बस उद्यापासून आणि गेलेले रुमाल भरून काढ. मोजा चिमणीकडे दे. आणि तू," त्या धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "तुला माहीत आहे कुठं जायचं ते."

धाकटी मागच्या खोलीत गेली. तिथं खिडकी नव्हती, नळीचा दिवा होता, आणि पुठ्ठ्याचा कोरडा वास. पहिल्या दिवशी ती फक्त रडायची राहिली, तेवढं सोडून तिनं सगळं केलं: खोकी उभी केली, दोनशे. दुसऱ्या दिवशी तिनं अस्तराच्या तुकड्यांचे हातमोजे शिवून आणले, बोटांत घट्ट, दुहेरी, आणि ते घालूनच पुठ्ठ्याला हात लावला. खोकीवाल्या बायका म्हणाल्या, "हातमोजे घालून कुणाला मारायला निघालीस?"

"आहे एक," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी ती पार्लरमध्ये गेली. तिचा सोमवार नव्हता. दाराशी बराच वेळ उभी राहिली. विचारणं हे तिला सुई गिळण्यासारखं वाटायचं, लहानपणापासून. शेवटी आत गेली आणि हात टेबलावर ठेवले.

पार्लरवालीनं भिंग लावून पाहिलं. "फायलर घरात कुठं ठेवतेस?"

"आरशापाशी."

"विहिरीत टाक. मधल्या दिवसांत घासायचंच नाही. दर तीन दिवसांनी नेलपॉलिशचा एक पातळ हात कडेवर फिरवायचा, कडेच्या खालूनही, टोपी घातल्यासारखा. कड उकललीच तर तेवढी कापून टाकायची. घासावंच लागलं तर नख कोरडं हवं, आणि बाजूकडून मधे एकाच दिशेनं. परत फिरायचं नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

पार्लरवाली ब्रश धूत होती. "सांगितलं होतं, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा. तू म्हणालीस, मला माहितेय सगळं, लवकर आटपा."

धाकटीला ते आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

घरात आता बोलणं भावांच्या मार्फत चालायचं. "तिला सांगा मीठ संपलंय." "तिला सांगा मला दिसतंय." धाकट्या भावानं एकदा दोघींचे निरोप मुद्दाम उलटे करून पोचवले, बघू काय होतं म्हणून. कुणालाच फरक पडला नाही, कारण दोन्ही निरोप सारखेच होते.

आणि थोरली खिडकीत बसली. तिला हवं ते मिळालं. पण रेशमाला दोन वर्षांचा दुरावा समजतो. चिमणी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत येऊन बातम्या टाकून जायची: थोरलीची नखं काचेसारखी आहेत, एकही धागा ओढला जात नाही, पण गुंडाळी जाड येते. बुटाच्या नाडीसारखी. मालकीणबाई उकलायला लावतात, ती उकलते, पुन्हा वळते, पुन्हा जाड. "तोंडातून शब्द काढत नाही गं. नुसती अंगठ्याकडे बघत बसते."

ऐकून धाकटीला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग खोकं उभं करता करता तिच्या मनात आलं, रेशीम हातात नसताना ही बाई दोन वर्षं रोज आपली नखं सांभाळत होती. रोज तेल, दर तीन दिवसांनी कड. कशासाठी? कुणी बोलावलं तर हात तयार असावेत म्हणून. या विचारानंतर तेवढं बरं वाटेना, म्हणून तिनं तो बाजूला सारला आणि चिकटपट्टी दातांनी तोडली.

पाच आठवडे गेले. धाकटीची जुनी कड वाढून कापली गेली, खालून नवं नख आलं, जाडसर, निरोगी. मग एका सकाळी मालकीणबाई स्वतः मागच्या खोलीत आल्या. त्यांच्यामागे चिमणी, मोजा घेऊन. सकाळी नऊला धाकटीचा हात पाहिला. निघून गेल्या. दुपारी तीनला पुन्हा आल्या. मोजा दोन्ही वेळा सुळकन निघाला.

"एक मोठा रुमाल आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "पलंगपोसाएवढा, एकसंध. शुक्रवारी द्यायचाय. एका हातानं होणार नाही. तुम्ही दोघी बसा."

"एका रुमालासाठी येणार नाही," धाकटी म्हणाली. "पुन्हा पुठ्ठ्याकडे पाठवणार असाल तर मी इथंच बरी. जागा देणार असाल तर येते."

मालकीणबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "चारी काठ एका हाताचे दिसले, तर जागा. दोन हातांचे दिसले, तर दोघीही नकोत मला खिडकीत."

असा तो पेच होता. खिडकीत आणखी एक खुर्ची आली. मधे पांढरा रुमाल, दुधाच्या सायीसारखा पसरलेला, आणि दोन टोकांना दोन जावा, एकमेकींकडे पाठ करून. सकाळपासून दोघींनी एकेक वीत काठ वळला. धाकटीचा केसासारखा. थोरलीचा नाडीसारखा. आंधळ्यानंही बोट फिरवून सांगितलं असतं, हे दोन हात आहेत.

धाकटीला आपली गुंडाळी जाड करता आली असती. पण जाड काठ मालकीणबाईंनी फेकून दिला असता. म्हणजे दुसरी बारीक व्हायला हवी होती. म्हणजे आपली खुर्ची जिच्यामुळे गेली, तिच्याच अंगठ्यावर आपली खुर्ची परत मिळणं ठरलं होतं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सुई ओढली आणि दहा टाके रागानं घातले, आणि तेही बारीकच आले.

अकराच्या सुमारास मागून थोरलीचा आवाज आला. खाली मान घालून, रुमालालाच विचारल्यासारखा.

"हल्ली बोट कितीदा ओलं करतेस?"

धाकटीच्या जिभेवर एकाहून एक उत्तरं आली, सगळी धारदार, सगळी महिनाभर परजलेली. तिनं त्यातलं एक निवडलंही. मग मान वळवून मागं पसरलेल्या रुमालाकडे पाहिलं. थोरलीनं एक वीत काठ पुन्हा उकलला होता, तिसऱ्यांदा, आणि उकलताना एक धागाही दुखावला नव्हता.

धाकटीनं खुर्ची उचलली आणि वळवली. पूर्ण नाही. एवढीच, की तिचा डावा हात मागून दिसावा. मग काठ अंगठ्याखाली घेतला आणि नेहमीपेक्षा निम्म्या वेगानं वळायला लागली. बोट ओठाला लावायचं, पण एकदाच. मग ओलावा काठातूनच पुढं न्यायचा. अंगठा दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. काठ आपण वळत नाही, तो वळू द्यायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे तिचं तिला सापडलं होतं, याच खुर्चीत, आणि आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

मागे खुर्ची करकरली. थोरली वळली होती. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग सुईचा आवाज सुरू झाला, थांबला, सुरू झाला. दुपारपर्यंत नाडीची दोरी झाली, दोरीचा दोरा झाला. तीन वाजले, आणि रेशमानं काही कुरकुर केली नाही.

शुक्रवारी सकाळी मालकीणबाईंनी रुमाल उजेडात धरला आणि चारी काठांवरून बोट फिरवलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या. "काठात कुठं मिळालात?" त्यांनी विचारलं.

थोरली खिडकीबाहेर बघत होती. धाकटी सुईत दोरा ओवत होती. कुणीच सांगितलं नाही.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "राहू द्या दोन्ही खुर्च्या."

त्या गेल्या. पुढच्या रुमालांचे दोन गठ्ठे टेबलावर आले. थोरलीनं आपली जुनी उशी खुर्चीवर टाकली, बसली, आणि पहिला काठ हातात घेतला.

"सरक," ती म्हणाली. "तुझ्या डोक्यानं उजेड अडतोय."

धाकटी चार बोटं सरकली. त्याहून सुईभरही जास्त नाही.